गोषवारा कोणत्या वर्गात?

मागील अहवालातील जमाखर्चाच्या पत्रकात ‘परिषद नोंदणी, भित्तिपत्रक छपाई व प्रवास’ अशी एक ओळ होती. रक्कम मोठी नव्हती. तरीही वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी ती नेमकी हेरली आणि विचारले की, धर्मादाय रुग्णालयाने आपल्या डॉक्टरांना व परिचारिकांना परिषदांना पाठविण्याचे प्रयोजन काय? तेवढ्याच पैशांत एखाद्या बाळाची औषधे आली नसती काय? प्रश्न रास्त होता. सभेत त्याचे थोडक्यात उत्तर दिले गेले. परंतु बालरोग विभागातील आम्हा मंडळींना ते अपुरे वाटले. त्या ओळीमागे बरेच काम असते, आणि त्यातील ज्या भागाकडे कोणाचेच लक्ष जात नाही त्याच भागात आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत. तो भाग म्हणजे परिषदेकडे पाठवावयाच्या संशोधनाचा वर्ग ठरविणे. आपल्या अनुमतीने त्याविषयी येथे जरा विस्ताराने लिहीत आहोत.

वर्ग ठरविणे हे ऐकावयास अगदी कारकुनी काम वाटते. संगणकावरील अर्जात एक यादी येते, तिच्यातील एका नावावर खूण करावयाची, झाले. आम्हीही अनेक वर्षे तसेच समजत होतो.

प्रथम परिषदांविषयी दोन शब्द. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स, १९६३ साली स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद ‘पेडिकॉन’ या नावाने सर्वांना ठाऊक आहे. नवजात शिशूंपुरते काम करणारी नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम ही संस्था १९८० पासूनची असून तिची परिषद निराळी भरते. याखेरीज मूत्रपिंड, हृदय, मज्जासंस्था, कर्करोग अशा बालरोगांच्या एकेका शाखेच्या परिषदा आहेत, राज्य शाखांच्या आहेत, परदेशांतील आहेत. या प्रत्येक ठिकाणी आपले काम मांडावयाचे असेल तर आधी काही महिने एक गोषवारा पाठवावा लागतो. डॉक्टर मंडळी त्याला ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ म्हणतात. साधारण अडीचशे ते तीनशे शब्दांत प्रश्न काय होता, काय केले, काय आढळले आणि त्यातून काय निष्कर्ष निघतो एवढे सांगावयाचे असते. वर्षभराची मेहनत एका पानाच्या आत बसवावी लागते.

हे पान किती मोलाचे असते याची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो. परिषदांमध्ये गोषवाऱ्याच्या रूपाने मांडलेल्या संशोधनांपैकी किती पुढे पूर्ण लेख म्हणून छापली जातात, याचा कॉक्रेन या जागतिक संस्थेने वेळोवेळी आढावा घेतला आहे. २०१८ च्या आढाव्यात हे प्रमाण सुमारे ३७ टक्के भरले. म्हणजे दर शंभरांतील साठांहून अधिक कामांचा जगाला होणारा परिचय त्या एका पानावर आणि परिषदेतील त्या काही मिनिटांवरच संपतो. तेव्हा त्या मिनिटांना समोर कोण बसलेले असते, ही बाब क्षुल्लक राहत नाही. आणि समोर कोण बसणार, हे त्या यादीतील खुणेने ठरते.

आता आमच्या चुकीची हकिकत. ती ज्या आजारासंबंधी आहे तो आजार आमच्या नवजात शिशू कक्षात बाळ ठेवलेल्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो.

अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. उरलेली वाढ आईच्या पोटाबाहेर, काचेच्या पेटीत होते. काही बाळांत ती वेडीवाकडी होते, नको तेथे नव्या वाहिन्या फुटतात, त्या दृष्टिपटलाला ओढू लागतात आणि अखेरीस दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटते. एकदा ते सुटले की दृष्टी परत मिळविणे बहुधा कोणाच्याच हाती राहत नाही. या विकाराला रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी म्हणतात. आमच्या कक्षात सारेजण त्याला ‘आर.ओ.पी.’ म्हणतात. वेळीच ओळखल्यास लेसरने किंवा डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनने बहुतेक बाळांची दृष्टी वाचते, मात्र उपचाराची गरज ठरल्यापासून दोन-तीन दिवसांतच तो व्हावा लागतो. यातील क्रूर गोष्ट अशी की, बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो. आईला कळत नाही, आजीला कळत नाही, आणि तपासणीच्या साधनांशिवाय आम्हांलाही कळत नाही.

म्हणून आपल्या देशातील नियम असा आहे की, ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासले गेलेच पाहिजेत. बाळ २८ आठवड्यांपूर्वीचे किंवा १२०० ग्रॅमच्या आतील असेल तर त्याहूनही लवकर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. अमेरिकेत ही मर्यादा ३० आठवडे किंवा १५०० ग्रॅम अशी आहे. आपली मर्यादा अधिक सैल ठेवण्याचे कारण, आपल्याकडे त्याहून मोठ्या आणि वजनदार बाळांतही हा विकार तीव्र स्वरूपात आढळतो. हे ज्ञान परदेशी ग्रंथांतून आलेले नाही. भारतातील डॉक्टरांनी आपल्या बाळांत जे पाहिले ते परिषदांतून आणि नियतकालिकांतून एकमेकांना सांगितले, तेव्हा ते आले. परिषदेचे प्रयोजन विचारणाऱ्या आमच्या देणगीदारांनी एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुरे आहे.

आमच्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ येत होते, नेमका वार ठरलेला होता, यंत्र होते. तरीही घरी गेलेल्या बाळांपैकी काही तपासणीला परत येत नव्हती. असेच एक बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर आले. आजीने आणले होते, कारण ते खुळखुळ्याच्या आवाजाकडे मान वळवी, खुळखुळ्याकडे पाहत मात्र नसे. दोन्ही डोळ्यांची दृष्टिपटले सुटलेली होती. त्या दिवशी आमच्या कक्षात फारसे कोणी कोणाशी बोलले नाही.

त्यानंतर आम्ही दोन वर्षांचे केसपेपर काढून बसलो. कोणती बाळे आली नाहीत आणि का, हे वैद्यकीय समाजसेविकांच्या मदतीने एकेका घरी विचारले. जी कारणे पुढे आली त्यांतील एकही वैद्यकीय नव्हते. डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख सर्वांत खाली, औषधांच्या ओळींनंतर लिहिलेली असे. संपर्काचा क्रमांक वडिलांचा, ते कामावर. आई व बाळ मात्र माहेरी, दुसऱ्या तालुक्यात. नेत्रतपासणीचा वार निराळा, वजन करण्याचा वार निराळा, म्हणजे एस.टी.च्या दोन खेपा. आणि सर्वांत अधिक वेळा ऐकू आलेले कारण असे की, दीड महिन्याच्या लसीला यावयाचेच आहे, तेव्हाच डोळेही दाखवू, असा घरच्यांचा साधासरळ हिशेब. तो हिशेब कोणत्याही समंजस माणसाने केला असता. परंतु दीड महिना म्हणजे पंचेचाळीस दिवस, आणि आमच्याकडे दिवस होते तीस.

हे सारे लिहून काढले आणि एका परिषदेकडे पाठविण्याचे ठरविले. अर्ज भरण्याची मुदत त्याच रात्री संपत होती. यादी उघडली, विषय डोळ्यांचा, म्हणून ‘बालनेत्ररोग’ या वर्गावर खूण केली. गोषवाऱ्याचे शीर्षकही तसेच दिले होते, ‘धर्मादाय रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील दृष्टिपटलविकाराचे प्रमाण’. गोषवारा स्वीकारला गेला, भित्तिपत्रक लावण्यास जागा मिळाली. आमचे निवासी डॉक्टर दीड तास त्याच्या शेजारी उभे राहिले. आलेले सारे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांनी आपुलकीने विचारपूस केली, लेसर कोणता वापरता, इंजेक्शन देता काय, असे प्रश्न विचारले. त्यांच्या दृष्टीने तेच प्रश्न योग्य होते. परंतु डिस्चार्ज कार्डाविषयी कोणी विचारले नाही. कारण डिस्चार्ज कार्ड लिहिणे हे त्यांच्यापैकी कोणाचेच काम नव्हते. ज्यांचे ते काम होते ते त्या वेळी दुसऱ्या सभागृहात, नवजात शिशूंच्या श्वसनावरील चर्चा ऐकत बसले होते. यात परिषदेचा काही दोष नव्हता. पत्ता आम्हीच चुकीचा लिहिला होता.

मुळात या विकाराचा इतिहासच असा आहे की तो एका वर्गात मावत नाही. त्याचे वर्णन प्रथम १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी केले. परंतु पेटीतील बाळांना दिला जाणारा जादा प्राणवायू त्याला कारण होत असावा, हे १९५१ मध्ये दाखवून दिले ते मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी, आणि त्या बालरोगतज्ज्ञ होत्या. आज प्राणवायू किती द्यावयाचा यावर रात्रंदिवस नजर ठेवते ती परिचारिका. विकार डोळ्यांत होतो, त्याचे बीज बाळाच्या कक्षात पडते, आणि बाळ तपासणीला परत येईल की नाही हे बसच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते. यांपैकी कोणता धागा आपण हाती घेतला आहे, हे आधी स्वतःशी ठरविल्याखेरीज वर्ग ठरत नाही.

परिषदांच्या पडद्याआड काय चालते हेही सांगावयास हवे, कारण त्यावाचून हा विषय कळणार नाही. आलेले गोषवारे वर्गवार वेगळे केले जातात आणि त्या त्या वर्गाच्या परीक्षकांकडे जातात. बहुधा दोन किंवा तीन परीक्षक एकच गोषवारा स्वतंत्रपणे वाचून गुण देतात. निकाल निःपक्ष व्हावा म्हणून लेखकांची व रुग्णालयाची नावे झाकलेली असतात. म्हणूनच मजकुरात कोठे ‘आमच्या अमुक रुग्णालयात’ असे राहून गेले तर गोषवारा परत येऊ शकतो. गुणांची उतरंड सामान्यतः त्या वर्गातच लावली जाते. वरचे काही मौखिक सादरीकरणासाठी निवडले जातात, त्यांना सभागृह आणि काही मिनिटे मिळतात. बाकीच्यांच्या वाट्याला भित्तिपत्रक येते. म्हणजे आपला गोषवारा कोणाच्या हाती पडणार, कोणत्या शेजाऱ्यांशी तो तोलला जाणार आणि तोलणाऱ्याच्या हातात कोणते माप असणार, या तीनही गोष्टी वर्गाबरोबरच ठरून जातात.

यांत माप ही गोष्ट सर्वांत कळीची. अर्जात बहुधा दोन प्रश्न असतात आणि घाईत ते एकच वाटतात. एक, विषय कोणता. दुसरा, कामाचा प्रकार कोणता. विषय म्हणजे नवजात शिशू, संसर्गजन्य रोग, पोषण, मूत्रपिंड, किशोरवय वगैरे. प्रकार म्हणजे हा औषधाच्या तुलनेचा प्रयोग आहे, निरीक्षणात्मक अभ्यास आहे, एकाच रुग्णाची हकिकत आहे, की कक्षातील कामाची रीत सुधारण्याचा उपक्रम आहे. या प्रत्येक प्रकाराची मांडणी कशी असावी याचे सर्वमान्य संकेत आहेत. एका रुग्णाच्या हकिकतीसाठी ‘केअर’ नावाचे संकेत २०१३ मध्ये आले, सुधारणा उपक्रमांसाठीचे ‘स्क्वायर’ २००८ मध्ये येऊन २०१५ मध्ये सुधारले गेले. प्रयोगाचा परीक्षक विचारतो की तुलनेचा गट कोठे आहे आणि कोणते बाळ कोणत्या गटात जाणार हे कसे ठरविले. सुधारणा उपक्रमाचा परीक्षक तसे विचारीत नाही. त्याला पाहावयाचे असते की एक छोटा बदल करून आठवड्या-आठवड्याने काय फरक पडला, तो टिकला काय, आणि जे फसले ते प्रामाणिकपणे नोंदविले आहे काय. आमच्यासारख्यांचे काम पहिल्या मापाने तोलले तर अधुरे ठरते, दुसऱ्याने तोलले तर त्याला काही वजन येते. काम तेच असते.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण आम्ही नव्या निवासी डॉक्टरांना नेहमी देतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांची काळजी गावातच, घरात, प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला. आता हे काम नवजात शिशुशास्त्राचे म्हणावयाचे की सामाजिक आरोग्याचे? बाळे तर नवजातच होती. परंतु त्या अभ्यासात काचेची पेटी नव्हती, रुग्णालय नव्हते. प्रश्न असा होता की रुग्णालय नसलेल्या ठिकाणी कोणी काय करावयाचे. विद्यार्थी या प्रश्नावर तासभर वाद घालतात आणि तो वाद आम्ही मुद्दाम मिटवीत नाही.

कोकणात महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरील काम असेच चार वाटांवर उभे आहे. १९८२ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’मध्ये आले, दुसऱ्या वेळी विषय होता प्राझोसिन या औषधाचा. डंख विंचवाचा, म्हणून विषबाधा. जीव जातो हृदय व फुप्फुसांमुळे, म्हणून हृदयरोग. वेळ तासांची, म्हणून तातडीची सेवा. आणि रुग्ण शेतावरचे व पडवीत निजलेले, म्हणून ग्रामीण आरोग्य. असे एखादे बालरुग्ण आमच्याकडे येते आणि त्याच्यावर काही लिहावे असे तरुण डॉक्टरांना वाटते, तेव्हा आम्ही एकच विचारतो: हे वाचून घरी परतल्यावर कोण काय निराळे करील? तातडीच्या कक्षातील डॉक्टर करणार असेल तर तो वर्ग तातडीच्या सेवेचा.

मोहही असतात, ते लपविण्यात अर्थ नाही. नवजात शिशूंच्या वर्गात गर्दी फार, म्हणून एखाद्या विरळ वर्गात घुसावे, तेथे मौखिक सादरीकरण सहज मिळेल, हा पहिला मोह. मिळतेही कधीकधी, मग अर्ध्या रिकाम्या सभागृहात ज्यांना त्याचे काही करावयाचे नाही अशा श्रोत्यांपुढे बोलावे लागते. दुसरा मोह पारितोषिकाचा. काही वर्ग केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी किंवा ठराविक वयाच्या आतील लेखकांसाठी राखीव असतात. तेथे बसविण्यासाठी ज्या परिचारिकेने काम केले तिचे नाव मागे सरकवून विद्यार्थ्याचे पुढे आणावयाचे, असा सल्ला आम्हांला एकदा बाहेरून मिळाला होता. आम्ही तो मानला नाही. तिसरा मोह सर्वांत चतुर असतो. एकाच अभ्यासाचे तीन तुकडे करावयाचे, एक नेत्ररोगात, एक नवजात शिशूत, एक सामाजिक आरोग्यात. यादीत तीन ओळी दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की तीन ठिकाणी तीन अभ्यास झाले. त्याच त्या बाळांची तीनदा मोजणी झाल्याने पुढे कोणी सर्व अभ्यास एकत्र करून पाहू लागला तर त्याचा हिशेबच चुकतो. म्हणून तो मार्ग आमच्या विभागात बंद आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एक आश्वासन येथे दिले पाहिजे. संस्थेच्या नैतिकता समितीच्या मान्यतेवाचून कोणताही अभ्यास सुरू होत नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागतेच. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकारही घ्यावयाचा असतो. हे नियम बहुतेकांना ठाऊक आहेत. ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, वर्ग निवडतानाही बाळाची ओळख उघडी पडू शकते. एखाद्या लहान गावातील एकाच मुलाला एखादा दुर्मिळ आजार असतो. गोषवारा ‘दुर्मिळ आनुवंशिक आजार’ या वर्गात गेला, पुढे परिषदेच्या पुस्तिकेत त्याखाली आमच्या गावाचे नाव छापले गेले, की नाव न लिहिताही ते मूल कोणाचे हे पंचक्रोशीला कळते. छायाचित्रातील डोळ्यांवर काळी पट्टी लावल्याने तर ओळख मुळीच लपत नाही, आणि आजार डोळ्यांचाच असेल तर बोलावयासच नको. अशा वेळी आम्ही पालकांना गोषवाऱ्याचा मराठी तर्जुमा वाचून दाखवितो आणि कोणत्या मथळ्याखाली तो छापला जाईल हेही सांगतो. एका पालकांनी सर्व ऐकून नकार दिला. तो गोषवारा गेला नाही. ते मूल आजही आमच्याकडेच उपचार घेत आहे.

पुन्हा आमच्या तीस दिवसांकडे येतो. पहिल्या परिषदेनंतर आम्ही नुसते मोजणे थांबवून रीत बदलली. जी बाळे तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ कक्षात असतील त्यांची पहिली तपासणी डिस्चार्जपूर्वीच करावयाची. त्याआधी घरी जाणाऱ्यांना निराळ्या पिवळ्या रंगाचे, केवळ डोळ्यांच्या तारखेचे कार्ड द्यावयाचे. वडिलांबरोबर माहेरचाही क्रमांक घ्यावयाचा, आणि आदल्या दिवशी सिस्टरांनी फोन करावयाचा. नेत्रतज्ज्ञांनी कृपा करून आपला वार बदलला, त्यामुळे वजन आणि डोळे एकाच खेपेत होऊ लागले. ज्यांना तीही खेप परवडत नव्हती त्यांचे बसभाडे आपल्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या निधीतून दिले. एका तपासणीने काम संपत नाही, रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी यावे लागते, हे कार्डावर ठळक छापले. काही गोष्टी फसल्याही. मोबाइलवर संदेश पाठविण्याची आमची योजना अगदीच निष्फळ ठरली, कारण तो संदेश उघडून वाचणारे घरात कोणी नसे.

हे नवे काम होते, म्हणून नवा गोषवारा लिहिता आला. एकदा मांडलेलेच पुन्हा पाठविणे बहुतेक परिषदांना मान्य नसते, आणि ते योग्यच आहे. या खेपेस मुदतीच्या तीन आठवडे आधी सारे एकत्र बसलो. निवासी डॉक्टरांचे मत नवजात शिशूंच्या सर्वसाधारण वर्गाचे पडले. समाजसेविका सामाजिक आरोग्य म्हणाल्या. परंतु बदल तर कक्षात आणि कार्डात झाला होता, वस्तीत नव्हे. परिचारिकांसाठी निराळा वर्ग होता आणि काम मुख्यतः त्यांचे होते, म्हणून तो मोह मोठा होता. त्यावर आमच्या प्रभारी सिस्टर म्हणाल्या की, त्या सभागृहात आम्हीच आम्हांला सांगत बसू, कार्ड कसे छापावयाचे हे ठरविणारे साहेब तेथे येत नाहीत. त्या एका वाक्याने निर्णय झाला. अलीकडे काही परिषदांत गुणवत्ता सुधारणेचा स्वतंत्र वर्ग असतो. परदेशातील पेडिअ‍ॅट्रिक अकॅडेमिक सोसायटीजच्या परिषदेत तर नवजात शिशूंपुरताही तसा पोटवर्ग आहे. आमच्या यादीत तो होता. खूण तेथे केली. शीर्षक बदलले, ‘डिस्चार्जपूर्वी पहिली नेत्रतपासणी: पाठपुराव्यातील गळती थांबविण्याचा प्रयत्न’. पहिल्या लेखक म्हणून सिस्टरांचे नाव गेले, त्यामुळे पारितोषिकाच्या वर्गाला आम्ही मुकलो.

या वेळीही भित्तिपत्रकच मिळाले. सिस्टर त्याच्या शेजारी उभ्या होत्या, पिवळ्या कार्डांचा एक गठ्ठा पिशवीत घेऊन. दुसऱ्या एका जिल्ह्यातील शासकीय नवजात कक्षाचे डॉक्टर आले, आकडे त्यांनी वरवर पाहिले, आणि कार्डाचे दोन्ही बाजूंनी मोबाइलवर छायाचित्र घेतले. माहेरचा क्रमांक कोणत्या रकान्यात लिहिता, एवढेच त्यांनी विचारले. काही महिन्यांनी त्यांचे पत्र आले. त्यांनी आपल्या कक्षात तसेच कार्ड सुरू केले होते, फक्त रंग हिरवा ठेवला होता, कारण पिवळा त्यांच्याकडे लसीकरणाला होता. गठ्ठ्यातील उरलेली कार्डे सिस्टरांनी परत आणली नाहीत.

यंदाच्या अर्जाची मुदत पुढील महिन्यात संपते. बाळाला छातीशी धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत, जी १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, ती आमच्या कक्षात वडिलांनाही शिकविली जाते. त्याचा वर्षभराचा अनुभव लिहून तयार आहे. शीर्षक आहे, मजकूर आहे, नैतिकता समितीचा क्रमांक आहे. वर्गाचा रकाना मात्र अद्याप रिकामा आहे. सिस्टर ‘पोषण’ म्हणतात, कारण वडिलांच्या मदतीमुळे आईला विश्रांती मिळते आणि तिला दूध पाजणे सोपे जाते. निवासी डॉक्टर ‘नवजात शिशू’वर अडून आहेत. समाजसेविकांचे म्हणणे तिसरेच आहे. शुक्रवारी दुपारी तीन वाजता पहिल्या मजल्यावरील खोलीत त्यासाठी बैठक आहे, आणि सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या देणगीदारांना आम्ही तिचे निमंत्रण धाडले आहे.